आमची वाटचाल : शाहूपुरीतून राजारामपुरीत, एकाच धंद्यात

कोल्हापुरात कॉम्प्युटर विकणारे पुष्कळ झाले, दुरुस्त करणारेही झाले. मॉनिटर घ्या, आम्ही येऊन तुमच्या टेबलावर नीट लावून देतो, असं म्हणणारं दुकान मात्र आम्ही १९९८ साली काढलं आणि आजही तेच करतो. तेव्हापासून एक वाक्य ऐकतोय. "मॉनिटरला काय लावायचं असतंय? पिन घातली की झालं." पिन घातली की चित्र येतं, एवढंच. त्या चित्रासमोर आठ-दहा तास बसणाऱ्याचे डोळे, मान आणि त्याचं काम यांचं काय होतं, ते बघायला कुणी येत नाही. आम्ही येतो. त्याचे पैसे घेतो, आणि ते घेताना कधी संकोच वाटला नाही.

सुरुवात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात झाली. भागीदार होता माझा मित्र, मूळचा टीव्ही मेकॅनिक. पिक्चर ट्यूबचा काळ. चौदा-पंधरा इंची मॉनिटर, पण उचलताना कंबर धरायची. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट, आणि मेन स्विच बंद केला तरी ट्यूबमध्ये चार्ज साठून राहतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी घाईत हात घालणारे होतेच. मित्रानं एक लांब चपटा स्क्रू-ड्रायव्हर खास या कामासाठी ठेवला होता. त्याच्या दांडीला जाड वायर सोल्डर केलेली, वायरच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप. क्लिप ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या जाळीला लावायची, एक हात पाठीमागे धरायचा आणि टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. चट् असा आवाज आला की मग झाकणाच्या आत हात. तो आवाज ऐकल्याशिवाय आमच्या दुकानात कुणी बोर्डाला शिवलं नाही, नवीन पोरानं तर नाहीच.

दुसरं हत्यार म्हणजे डीगॉसिंग कॉइल, पडद्याला लागलेलं चुंबकत्व काढायची. बाजारात महाग मिळायची, म्हणून मित्रानं घरी गुंडाळून केली. एनॅमल तांब्याची तार, वरून सुती पट्टी, मध्ये दाबायचा स्विच. शिरोलीच्या आणि उद्यमनगरच्या फाउंड्रींच्या ऑफिसांत तिचा खरा उपयोग व्हायचा. स्पीकर नाहीतर लोखंडी कपाट जवळ, की पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग. कॉइल पडद्यासमोर गोल गोल फिरवत मागं मागं यायचं, चांगलं लांब गेलं की मगच स्विच सोडायचा. समोरच सोडला तर डाग जायच्या ऐवजी वाढतो. तिथंच आणखी एक प्रकार, चित्र पाण्यासारखं हलायचं. मालक म्हणायचे मॉनिटर गेला. मॉनिटरला खेटून ठेवलेला स्टॅबिलायझर दोन हात लांब सरकवला की चित्र जागेवर. त्या सरकवण्याचे पैसे द्यायला खळखळ व्हायची. आठवडाभर थांबलेलं पगारपत्रकाचं काम सुरू व्हायचं, त्याचा हिशेब कुणी धरत नव्हतं.

आता आण्णांबद्दल. त्यांचा राजारामपुरीत छापखाना, लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या छपाईची पानं मांडायच्या प्रोग्रामवर काम चालायचं. एकदा स्वतः चालत दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "लेका, पडद्यावर कुंकवाचा लाल हाय आणि छापून आला की शेंदरी. गिऱ्हाईक पत्रिका तोंडावर मारतंय. मशिन बघितलं, शाई बघितली, कागद बदलला. आता तू सांग."

मी छापखान्यात जाऊन बघितलं. मॉनिटरची कलर सेटिंग कारखान्यातून आली तशीच, ९३०० केल्विनवर; केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा मोजायचं माप. तिथं पांढरा निळसर दिसतो. त्या निळसरपणाला तोड म्हणून ऑपरेटर नकळत पिवळा वाढवत होता. पडद्यावर बरोबर दिसायचं, कागदावर लालाचा शेंदरी व्हायचा. त्यात मागच्या खिडकीतलं ऊन सरळ काचेवर. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली, मॉनिटर ६५०० वर आणला, काळ्या-करड्या पट्ट्या लावून ब्राइटनेस बसवला, सगळ्यांत गडद दोन पट्ट्या वेगळ्या दिसेपर्यंत. पडद्याचे रंग प्रकाशाचे, कागदाचे शाईचे, ते शंभर टक्के कधीच जुळत नाहीत, हेही आण्णांना सांगितलं. म्हणून त्यांच्याच मशिनवर छापलेला एक नमुना मॉनिटरशेजारी टांगला. पुढची पत्रिका छापून आली तेव्हा आण्णांनी तिला हळदकुंकू लावून आमच्या दुकानात पाठवली. ती अजून आमच्याकडे आहे. त्या दिवसापासून आण्णांनी मॉनिटर दुसरीकडून घेतला नाही, आणि एकदाही भावावर घासाघीस केली नाही.

चपटे एलसीडी मॉनिटर आले, ट्यूबचं काम संपत गेलं. मित्र सोलरच्या कामात गेला, कॉइल माझ्याकडे ठेवून. मधली वर्षं बरी गेली. फुगलेले कपॅसिटर बदलायचे, बॅकलाइटचे, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचे, इन्व्हर्टर दुरुस्त करायचे, मॉनिटर लावून द्यायचे.

मग आमच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, एक मोठी काचेची शोरूम उघडली. नाव लिहीत नाही. तिथं साडेअठरा इंची 'नवा' मॉनिटर आमच्या खरेदीच्या भावापेक्षा स्वस्त मिळायला लागला. आमचे जुने ग्राहक भेटले की मान खाली घालून जायचे. काही जण तोंडावर म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला कापलं." ते मी विसरलेलो नाही.

वर्षभरात तेच मॉनिटर आमच्या टेबलावर यायला लागले. एका क्लासवाल्यांनी तर खोलीभर घेतले होते. पहिला उघडला तो प्रसंग सांगतो. मागचं झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीनं क्लिपा सोडवत काढलं. आत कंपनीचा बोर्ड नाहीच. बाजारात मिळणारा, कुठल्याही मॉनिटरला बसणारा युनिव्हर्सल बोर्ड, हॉट ग्लूनं चिकटवलेला, स्क्रू एकही नाही. वायरी इन्सुलेशन टेपनं बांधलेल्या. पॅनेलच्या, म्हणजे खुद्द पडद्याच्या, मागच्या स्टिकरवर त्याची तारीख, मॉनिटर विकला त्याच्या कितीतरी वर्षं आधीची. कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात गेलेलं पॅनेल नव्या खोक्यात घालून विकलेलं. बॅकलाइट पिवळा पडलेला, म्हणून बोर्डातून निळा वाढवून ठेवलेला. मी क्लासवाल्यांना सगळं उघडून दाखवलं, फोटो काढून दिले. शोरूमवाल्यानं गावभर सांगितलं की मी जळतो. जुना माल जुना म्हणून विकला असता तर मला काहीच म्हणायचं नव्हतं. आम्हीही जुने मॉनिटर विकतो, बिलावर 'वापरलेला' असं लिहून. दोन मोठी ऑफिसं आमच्या हातून गेली ती गेलीच.

तुम्ही कुठूनही घ्या, पण घेताना मॉनिटरच्या मागचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा आणि तो बिलावर लिहून घ्या. मेनूमधली भाषा, लोगो, बटणं कंपनीचीच आहेत का बघा. दुकानातच पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून बघा. एखादा पिक्सेल मेलेला असेल तर तिथंच कळतो. घरी गेल्यावर भांडण नको. कंपन्या एक-दोन मेलेल्या पिक्सेलला बहुतेक वेळा बदलून देत नाहीत.

त्या सगळ्यातून सावरतो तोवर २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरला काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आम्ही माल माळ्यावर चढवला. दुरुस्तीला आलेले ग्राहकांचे मॉनिटर सगळ्यांत आधी चढवले, जॉब कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या पोटाशी. पाणी माळ्यालाही लागलं. हायवे शिरोलीला बंद, सांगलीकडूनही काही येईना. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर चिखल आणि रॉकेलसारखा वास.

बोर्ड पाण्यातून वाचतात. स्वच्छ पाण्यानं धुवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रशनं घासायचे, उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. पण पॅनेलच्या आत बॅकलाइटच्या पांढऱ्या शीट असतात, त्यांच्यामध्ये गढूळ पाणी शिरलं की वाळल्यावर डाग राहतात, ते कुणाच्या बापाला निघत नाहीत. आणि हे कायम लक्षात ठेवा, भिजलेला मॉनिटर 'चालतोय का बघू' म्हणून लावू नका. पाण्यानं जेवढं बिघडत नाही तेवढं त्या एका स्विचनं बिघडतं.

विमा होता. कंपनीनं दुकानाच्या मालाचे थोडेफार पैसे दिले. ग्राहकांच्या वस्तूंचं कळवलं की त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, पॉलिसीत धरलेल्या नाहीत. ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो, हे एजंटनं इतक्या वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानं आज आपली पॉलिसी काढून तेवढी ओळ वाचावी. आम्ही प्रत्येक ग्राहकाला भरपाई दिली. कुणाला दुसरा मॉनिटर, कुणाला पैसे. सौभाग्यवतींचे दागिने गहाण पडले. त्याच दिवसांत शोरूममधून आमच्या ग्राहकांना फोन जात होते की ते दुकान आता उघडणार नाही.

आण्णांचा छापखाना उंचावर, तिथं पाणी नव्हतं. ते गमबूट घालून आले, चिखलात उभे राहिले. म्हणाले, "माझ्या पुढच्या खोलीत टेबल टाक. भाडं तुझा धंदा लागल्यावर." आणि छापखान्याचे सगळे मॉनिटर बदलायची ऑर्डर आगाऊ पैशांसकट दिली. त्यांचे जुने मॉनिटर चांगले चालत होते, ते मीच लावलेले होते, मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "तू मॉनिटर बघ, छापखाना मी बघतो." २०२१ च्या जुलैत शाहूपुरीत पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही राजारामपुरीतच होतो, आता स्वतःच्या गाळ्यात. दागिने सोडवून आणले. शोरूम बंद झाली. तिथून घेतलेले मॉनिटर अजूनही आमच्याकडे येतात आणि आम्ही ते दुरुस्त करतो.

आता लेक कामात आहे. फोटो स्टुडिओ आणि अल्बम डिझाइनवाल्यांकडे ती कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजायचं यंत्र, घेऊन जाते. आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवते, मगच मापं घेते. ऑफिसांत आणि घरी मी जातो. मॉनिटरची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. दुहेरी चष्मा असेल तर मॉनिटर आणखी खाली घेऊन थोडा मागं कलवायचा, नाहीतर माणूस हनुवटी वर करून बसतो आणि मान धरते. खिडकी समोर नको, पाठीमागं नको, बाजूला हवी. अक्षर बारीक दिसतं म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका, सगळं धूसर होतं. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, बहुधा १९२० बाय १०८०, तसंच ठेवा आणि विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के करा. इंजिनिअरिंगची पोरं १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतात आणि तो ६० वर चालवतात, कारण सेटिंगमध्ये कुणी जातच नाही. एवढे पैसे घालून ते बघवत नाही. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज 'फुल' करा.

पुसताना मॉनिटर बंद हवा. आधी कोरडं मायक्रोफायबर, मग लागलंच तर डिस्टिल्ड वॉटरनं ओलसर केलेलं. काच पुसायचा निळा स्प्रे नको, कोटिंग जातं. पाणी पडद्यावर उडवू नका, ओघळ खालच्या कडेनं आत जातो. हवेच्या भोकांवर विणलेलं कव्हर टाकून मॉनिटर चालवू नका. खंडेनवमीला पूजा जरूर करा, आम्हीही करतो, पण हळदकुंकू स्टँडच्या पायाला लावा, वरच्या जाळीत नको. दसऱ्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या बोर्डांवर कुंकू असतं आणि ओलं कुंकू दोन पिनांच्या मध्ये बसलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. फाउंड्रीवाल्यांनी महिन्यातून एकदा ब्लोअर मारून घ्यावा. तिथली काळी धूळ साधी नसते, लोखंडाची असते, वीज वाहते. आणि थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय तोडू नका.

दुकान राजारामपुरीत, रविवारी बंद. मॉनिटर दुरुस्तीला आणताना पडदा पुठ्ठ्याकडे नको, मऊ टॉवेलात गुंडाळून, गाडीत उभा ठेवून आणा. वेगळा ॲडॉप्टर असेल तर तोही बरोबर आणा. १४ व्होल्टच्या मॉनिटरला घरात सापडलेला १९ व्होल्टचा जोडून बघितलेले बोर्ड आमच्याकडे फार येतात.