तिथली गाठ

बुधवार, रात्री साडेअकरा

आज शेवटी डॉक्टर मॅडमकडे जाऊन आले. आठ दिवस सगळ्यांना सांगत होते मांडीला केसतोड झालंय म्हणून, ऑफिसात, घरी, अगदी नवऱ्यालासुद्धा पहिले दोन दिवस हेच. तिथे म्हणजे कुठे ते तोंडातून निघतच नाही आपल्या. स्कूटीवर मात्र एका बाजूला कलून बसायचे, स्पीडब्रेकर आला की डोळ्यांत पाणी.

रात्री मोबाईलवर शोधत बसायचे ते वेगळंच, दोन मिनिटांत कॅन्सरपर्यंत पोचायचे. मॅडमनी बघितलं, बोट लावलं आणि म्हणाल्या अगं बार्थोलिनची गाठ आहे ही. योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात ना त्या जागी, वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात, ओलावा ठेवायचं काम त्यांचं. तोंड बुजलं की आतलं पाणी साचतं आणि गाठ फुगते, जंतू शिरले की पू. (नाव बार्थोलिन नावाच्या एका डॅनिश डॉक्टरावरून, सतराव्या शतकातला माणूस. आमच्या अवयवाला नाव पण पुरुषाचंच!)

माझ्यात अजून पू नाही, ताप नाही. टबात सोसेल इतकं गरम पाणी घेऊन दहापंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनचारदा. दाबायची नाही, सुई तर अजिबात नाही. पू झालाच तर छोटी चीर देऊन फुगा असलेली बारीक नळी काही आठवडे आत ठेवतात म्हणे, ऐकूनच पाय गार पडले.

मग मीच विचारत बसले. रेझरने केस आत वळून खरंच केसतोड होतं, कडेला बारीक पांढरट दाणे दिसतात त्या नुसत्या तेलाच्या ग्रंथी, चामखिळीसारखं काही उगवलं तर एचपीव्ही नावाचा विषाणू, पाण्याचे दुखरे फोड असले तर हर्पिस, तोही विषाणूच. आणि जांघेतली गाठ म्हणजे बऱ्याचदा आजी म्हणायची ते अवधाण, म्हणजे तिथली सुजलेली लसीका ग्रंथी.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर शांतपणे म्हणते, तुझ्या वेळी सातव्या महिन्यात माझ्याही तिथल्या शिरा फुगलेल्या, बाळंतपणानंतर बसल्या. चौतीस वर्षांत एकदा तरी बोलायचीस की गं!

आणि मग हळूच, मामीला पण आहे काहीतरी, वर्षभर खाज, कडक गाठ, वर जखम, बरीच होत नाही, पण वयाचंच असेल ना. मामी साठीच्या. मॅडमनी मुद्दाम सांगितलेलं की चाळीशीनंतर नवीन गाठ आली तर तुकडा काढून तपासतात, आणि न भरणारी जखम तर थांबायचंच नाही. मी लगेच मामींना फोन लावला, उद्या अकराची वेळ घेतलीय.

मामी म्हणाल्या, येते गं, पण मामांना काय सांगू?

म्हटलं, केसतोड सांगा.