कोंब आलेला कांदा

दिवाळी आटोपली की आमच्या कांद्याच्या टोपलीत हालचाल सुरू होते. परवा दुपारी हात घातला तर नागपूरच्या कॉटन मार्केटातून आणलेल्या ढिगात, अगदी तळाशी, एकानं वीतभर हिरवा कोंब काढलेला. ना माती, ना पाणी.

"फेका तो, आतून पोकळ झाला असंल," बायको म्हणाली. मला कोंब आलेला कांदा फेकवत नाही. खोडच आहे म्हणा.

शाळेत द्विवार्षिक वनस्पती म्हणून गाजर आणि बीट पाठ केलं होतं. कांदाही त्यातलाच, हे कळलं महाल भागातल्या वाड्याच्या परसात. आपण पहिल्या सालीच कांदा उपटून भज्यांपाशी थांबतो. त्याचं तर अर्धंच आयुष्य झालेलं असतं, पातीनं कमावलेलं सगळं बुडाशी साठवून तो थंडीची वाट बघत असतो. आजी वीसेक निवडक कांदे राखून ठेवायची आणि नोव्हेंबरात पुन्हा पुरायची. डिसेंबरात पारा १० अंशांच्या आसपास उतरला, की पुढे त्यातून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, उठायचे. आत पोकळ, मध्येच पोट सुटलेले, शेंड्यावर पांढऱ्या चांदण्यांचा चेंडू. त्यावर मधमाश्या नुसत्या घोंगावायच्या. आम्ही पोट्टे डेंगळे तोडून पिपाण्या करायचो, अन् आजी "बियाण्याचे होत ना बाप्पा ते!" करत मागे धावायची. उन्हं तापली की बोंडं उकलून काळं तिकोनी बी तिच्या पदरात पडायचं. खाली उकरावं तर कांदा चिपाड झालेला, नुसती कागदी सालं.

ऊन लागू नये म्हणून मे महिन्यात तीच आजी आमच्या खिशात कांदा कोंबायची. ४५ अंशांत त्यानं शर्टाला वास लागायचा, बाकी काही नाही. तरी अजूनही बाहेर निघताना माझा हात टोपलीकडे जातोच.

मागच्या वर्षी गच्चीवरच्या कांद्यानं बी धरलं होतं. ते लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरलं आणि पाकीट कुठं ठेवलं ते विसरलो. सापडलं परवा. पण कांद्याचं बी वर्षभरातच शिळं होतं, कोण पेरणार?

नव्या कोंबवाल्याला जुन्या कूलरच्या टपात पुरून आलो. टोपलीतला शेवटचा धड कांदा सकाळीच पोह्यांत गेला होता, त्यामुळे वांग्याची भाजी कांद्याविनाच झाली. सांभार, म्हणजे कोथिंबीर, जरा जास्त टाकला. बरी लागली.