गाडी नव्हती पकडायची, तरी स्टेशनात

आम्ही भुसावळचे, रेल्वे घरातलीच. पण मुंबईत उतरलो की बॅग सांभाळत सीएसएमटीतून सुटायचं, एवढंच ठाऊक. परवा अण्णांना घेऊन मुद्दाम इमारत बघायला गेलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सचा आराखडा, १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललेलं काम. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे आपण. (आपल्याला विचारलं कुणी होतं!) तिकीटघरात निळ्या छतावर सोनेरी चांदण्या, खाली सुट्ट्या पैशांवरून वाद.

अण्णा, निवृत्त गार्ड, मान वर करून घुमटावरची प्रगतीची मूर्ती न्याहाळत राहिले. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक.

"मशाल राहू दे रे भो," म्हणाले, "चाक बघ."