मीटरवर सतरा

त्या संध्याकाळी मीटरवर १७ आकडा आला आणि मी समोरच्या माणसाला खोटारडा ठरवलं. तेही अगदी गोड आवाजात, आम्हाला शिकवतात तसं.

मी तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. सिगारेट सोडायला आलेल्याला पहिल्या भेटीत आम्ही सहा प्रश्न विचारतो. त्यातला माझ्या मते सगळ्यात बोलका प्रश्न एकच : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते? या गृहस्थांचं उत्तर होतं, "चप्पल सापडायच्या आधी." गाड्या दुरुस्त करतात म्हणून त्यांना इथे मिस्त्री म्हणते. वय ४६, दिवसाला वीसच्या वर सिगारेटी, याआधी दोनदा सोडून पुन्हा धरलेल्या. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला निकोटिनचं च्युइंगगम ४ मिलिग्रॅमचं देतात, तसं त्यांना सुरू केलं. ते साध्या गमसारखं चघळत बसायचं नसतं. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं आणि उचक्या लागतात. मिस्त्रींना पहिले दोन दिवस लागल्याच.

पहिल्याच भेटीत मी माझं ठेवणीतलं भाषणही दिलं होतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेला अभ्यास, त्यात धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षं आधी गेलेले, चाळिशीत सोडली तर त्यातली नऊ वर्षं वाचतात, पन्नाशीत सहा, साठीत तीन. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते पुढचं पुढे बघू, मॅडम. रोज चार वाजता काय करू, तेवढं सांगा."

चारला त्यांच्याकडे हातातलं काम थांबायचं आणि ओढणारे सगळे मागच्या भिंतीशी जमायचे. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कशात तरी गुंतवा, असं मी सांगितलं. त्यांनी एक निकामी स्पार्क प्लग खिशात ठेवायला सुरुवात केली. बोटांत धरायला. ही युक्ती माझ्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हती.

पण त्यांना खरा धीर दिला मीटरने. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीत सावकाश सोडायचा. धुरातला कार्बन मोनॉक्साईड उच्छ्वासात किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग आहे, ते पडद्यावर येतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तरी ओढणं थांबलं की साधारण चार ते सहा तासांत निम्मा होतो, त्यामुळे एक-दोन दिवसांतच आकडा कधीच न ओढणाऱ्यासारखा दिसायला लागतो. फुप्फुसं सुधारायला लागणारी वर्षं डोळ्यांना दिसत नाहीत, हे मात्र दिसतं. मिस्त्रींचा पहिला आकडा होता २६. पुढच्या आठवड्यात ३. मग २. जिथे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांचे नंबर खडूने लिहितात, त्याच भिंतीवर ते हे आकडे लिहायचे. कामावरचे लोक विचारायचे, "या वेळी किती?"

आणि सातव्या आठवड्यात हा १७.

एरवी ते कामावर जाण्याआधी सकाळी यायचे. त्या दिवशी काम उरकून संध्याकाळी, हाताला ग्रीस तसंच, असे आले होते. पुन्हा फुंकायला लावलं. १६. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाले, "एखादी ओढली गेली असेल तर सांगा. घसरणं म्हणजे हरणं नाही. मी रागावणार नाही."

"ओढली नाही."

"बऱ्याच जणांची एखादी होते हो..."

"मॅडम, ओढली असती तर आलोच नसतो इथे."

माझ्या बाजूने एवढंच सांगते की, या खुर्चीत बसून मी खूप ऐकलंय. नळीत फुंकायच्या आधी शपथा घेणारे, आकडा आल्यावर "बसस्टॉपवर शेजारचा ओढत होता" म्हणणारे. लोक लाजेपोटी खोटं बोलतात, आणि ते ओळखता येतं याचा मला थोडा माजही होता. मी फाईलमध्ये लिहिलं : 'पुन्हा सुरू? नाकारतात.' टेबलाच्या पलीकडून त्यांनी ते वाचलं. गमचं पाकीट न घेता, पुढची तारीख न घेता ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आम्ही आवरत असताना, मिस्त्री परत आले. सोबत विशीतला एक पोरगा होता, त्यांच्या हाताखाली काम करणारा. तो बाहेरूनच कुरकुरत होता, "दादा, मी आयुष्यात झुरका मारला नाही, मला कशाला?"

"याला फुंकायला लावा," मिस्त्री म्हणाले.

पोरगा फुंकला. १५.

खोलीत क्षणभर कोणीच बोललं नाही. मग मिस्त्री स्वतः फुंकले. १४.

हे मीटर सिगारेट मोजत नाही. कार्बन मोनॉक्साईड मोजतं, आणि तो कुठून आला हे त्याला कळत नाही. बंद जागेत चालणारं इंजिन, बिघडलेली शेगडी, काहीही चालतं. दूध न पचणाऱ्यांच्या श्वासातला हायड्रोजनसुद्धा काही मीटरना फसवतो. हे सगळं मला माहीत होतं. नव्या लोकांना मीच शिकवते. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात माझा माज आडवा आला, दुसरं काय.

"शटर बंद ठेवून इंजिन चालू करता का?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन आठवडे पाऊस आत येत होता, म्हणून शटर खाली. गाड्या आतच चालू करून तपासायच्या.

दोन आठवडे. मी फाईल मागे उलटली. गेल्या भेटीत मिस्त्री म्हणाले होते की संध्याकाळी डोकं ठणकतं, आणि मी म्हणाले होते, सिगारेट सुटताना होतं असं. होतं, पण पहिल्या काही दिवसांत. साधारण महिनाभरात ही लक्षणं विरत जातात. सहाव्या आठवड्यात नव्याने सुरू झालेली, फक्त कामाच्या दिवशी संध्याकाळी होणारी डोकेदुखी ही निकोटिनची नव्हे, हे माझ्याच अक्षरात समोर होतं. पोरालाही मळमळत होतं. त्याला ते उपाशी राहिल्याने वाटायचं.

दोघांना लगेच डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी बोलावून पुन्हा फुंकायला लावलं : दोघांचे ३. डॉक्टरांनी मालकासाठी चिठ्ठी दिली. मालक आधी "इतकी वर्षं काही झालं नाही" म्हणाला, मग धूर बाहेर सोडायचा पाईप बसला आणि शटरही उघडं राहायला लागलं.

त्या सकाळी पोरगा बाहेर थांबला होता तेव्हा मी मिस्त्रींची माफी मागितली. ते खिशातला प्लग बोटांत फिरवत म्हणाले, "परवा इथून निघालो आणि एक सुटी सिगारेट घेतली. म्हटलं, नाव झालंच आहे तर ओढून तरी घेऊ. तोंडात धरली. काडीही ओढली."

"मग?"

"मग वाटलं, पेटवली तर मॅडमचंच खरं होईल."

सात आठवडे मी या माणसाला धीर देत होते. शाबासकी, समजूत, अभ्यासातले आकडे. त्याला त्या रात्री तारलं ते माझ्यावरच्या रागाने. माझ्या कामाच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात भरायचं, मला अजून कळलेलं नाही. मीटरजवळच्या कागदावर मात्र मी आता दोन प्रश्न वाढवलेत : कुठून आलात, आणि तिथे काय जळतं.

मी फाईल उघडली आणि 'पुन्हा सुरू? नाकारतात.' ही ओळ खोडायला पेन उचललं. मिस्त्रींनी हात आडवा घातला.

"खोडू नका. थांबा जरा."

मोबाईल काढून त्यांनी त्या ओळीचा फोटो घेतला, नीट आलाय का ते मोठा करून पाहिलं आणि फोन खिशात प्लगशेजारी ठेवला. "चार वाजता बघायला," म्हणाले.