एचईके उजळल्या, माझ्या पेशी नाही

"बेन, लाइट तो सरस आवे छे!" आमचा ज्युनियर उजेड मोजणाऱ्या ल्युमिनोमीटरवरूनच ओरडला. काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रथिनाचा एमआरएनए, म्हणजे ते बनवायची चिठ्ठी, आम्ही पेशींत टाकला होता. पेशीने तो वाचून प्रथिन बनवलं की उजेड पडतो. एचईके पेशी, म्हणजे मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या प्रयोगशाळेतल्या पेशी, झगमगत होत्या. बडोद्यात आनंद म्हणजे सेव-उसळ, ती सरांनी लगेच मागवली.

दुपारी डेंड्रिटिक पेशींचे, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांचे, आकडे आले. अंधार. तीच बॅच, तेवढाच डोस.

या पेशी आयत्या मिळत नाहीत. रक्तातून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही इशारा देणारी प्रथिनं घालून सहा दिवस पोसायच्या. त्यापरीस विरजण लावणं सोपं. शिवाय या खेपेला रक्त माझंच होतं, संमतीपत्रावर सही करून दिलेलं, म्हणून जास्तच लागलं.

सरांचा पहिला संशय नेहमी पिपेट धरणाऱ्यावर. पण जेलवर, म्हणजे आरएनए लांबीनुसार वेगळा करून पाहिला तर, पट्टा एकच आणि स्वच्छ होता. "स्यूडोयुरिडीन घातलंय ना? मग झालं," ते म्हणाले. युरिडीनऐवजी हे घातलं की पेशी कमी बिथरते, या कारिको-वाइसमन यांच्या २००५च्या कामाला २०२३मध्ये नोबेल मिळालं, तेव्हापासून हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते. पण टी-७ पॉलिमरेज हे एन्झाइम आरएनए बनवताना थोडा दुहेरी धाग्याचाही बनवतं, आणि जेलवर तो सहज दिसत नाही. पेशीच्या लेखी दुहेरी आरएनए म्हणजे विषाणू. टीएलआर-३, एमडीए-५ हे विषाणू ओळखणारे पहारेकरी बोंब ठोकतात, इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा सुटतो, पीकेआर हे एन्झाइम प्रथिनं बनवायचं कामच थांबवतं. आपण पाठवलेली चिठ्ठी मग वाचणार कोण? एचईके पेशींत टीएलआर-३ जवळपास नसतोच, बाकी पहाराही ढिला. तिथे उजेड पडला यात नवल नव्हतं.

आरएनएचा ठिपका देऊन दुहेरी आरएनए पकडणाऱ्या जे-२ अँटिबॉडीने तपासला, म्हणजे डॉट ब्लॉट केला. ठिपका काजळासारखा काळा.

मग ज्युनियरने खाली मान घालून सांगितलं की सेल्युलोजची पायरी गाळली होती. सोळा टक्के इथेनॉलच्या बफरमध्ये दुहेरी आरएनए सेल्युलोजला चिकटतो, एकेरी निघून जातो. स्वस्तातली भुकटी, पण थोडा माल जातो. मी त्याला रागावले नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये "यील्ड किती?" याखेरीज कुणी काही विचारत नाही.

शुद्ध केलेल्या आरएनएने माझ्या पेशी उजळल्या, इंटरफेरॉन उतरला. तेव्हा सर म्हणाले, "पण लसीला थोडी बोंब हवीच ना?" हवीच. एमआरएनए वाहून नेणारे लिपिडचे कण स्वतःच ती थोडी उठवतात. डीएनए लसीत तर टीबीके-१ या प्रथिनाचा इशारा काढून घेतला की उंदरांत प्रतिसाद ढेपाळतो. पण थोडी म्हणजे किती?

कारण तीच अशुद्ध बॅच ज्युनियरच्या रक्तातल्या पेशींत टाकली, तर त्या निम्म्या तरी उजळल्या. पुन्हा करून पाहिलं, तसंच. आता तिसरं रक्त सरांचं घ्यायचं आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत.