चावी आत, आपण बाहेर: अजिंठा ते नळदुर्ग

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. हे माहीत असलेली माणसं वार बघून निघतात, पण गाडीची दुसरी चावी कुठं आहे हे बघत नाहीत. ती घरी कपाटात असते, नाहीतर पहिल्या चावीच्याच जुडग्यात अडकवलेली. अजिंठा, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर आणि शेवटी नळदुर्ग असा चारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आम्ही धरला. चावी आत राहून गाडी लॉक होण्याच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्या सगळ्यांच्या जागा या रस्त्यावर आहेत.

निघण्याआधी संभाजीनगरात एक काम करून घ्यावं: गाडीच्या चावीची साधी, बिनचिपची पाती कापून घ्यावी. आजकालच्या चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू होतं. नुसत्या कापलेल्या पातीत ती नसते, म्हणून तिने दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही. अशी पाती सोबतच्या माणसाकडे बिनधास्त देता येते, हरवली तरी गाडी कुणी पळवून नेत नाही. कडेला दाते असलेली चावी साध्या मशीनवर कापून मिळते. पातीच्या अंगावर नागमोडी खोबण असेल तर मात्र वेगळं मशीन लागतं, ते प्रत्येकाकडे नसतं. कापून झाली की तिथंच दारात फिरवून बघा. चावीचं भोक बहुतेक गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या दाराला असतं, आणि वर्षानुवर्षं रिमोटच वापरला असेल तर आतलं कुलूप धुळीने जाम झालेलं असतं. त्यात ग्रॅफाइटची पूड फुंका, ऑइल नको. ऑइलवर धूळ चिकटून लगदा होतो.

बटणाने चालू होणारी गाडी असेल तर तिच्या स्मार्ट चावीच्या पोटातही लोखंडी पाती असते. बाजूची खिट्टी सरकवली की ती बाहेर येते. अशा काही गाड्यांत दारावर भोकच दिसत नाही, कारण ते हँडलच्या शेवटच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. टोपणाला खालून बारीक खाच असते. हँडल ओढून धरायचं, पातीचं टोक खाचेत घालायचं आणि टोपण हलकेच बाहेर काढायचं. हा प्रयोग घरच्या अंगणात दोनदा करून ठेवा. अंधारात, रस्त्याच्या कडेला पहिल्यांदाच करायला गेलं की टोपणाची नाजूक पाकळी तुटते. चावीतला सेल बहुधा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. रिमोट पूर्वीपेक्षा जवळ जाऊन दाबावा लागायला लागला की तो बदलायची वेळ झाली. सेल मेलाच तर पातीने दार उघडा आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. चिपला सेल लागत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्या तशाही चालू होतात.

संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर ती उभी करायची आणि तिथून चारेक किलोमीटर बसने जायचं. वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली तीस लेणी बघून परत यायला अर्धा दिवस जातो. चावी गाडीत राहिल्याचं तेव्हा कळतं, पण घोटाळा जातानाच झालेला असतो. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या काढायला लोक बंद गाडीची डिकी रिमोटने उघडतात. कित्येक गाड्यांत डिकी एकटीच उघडते, चारही दारं बंदच राहतात. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चावी बॅगेवर ठेवली आणि डिकी आपटली, की झालं. दुसरी तऱ्हा अशी: रिमोटने गाडी उघडली आणि अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही, तर पुष्कळ गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात. स्मार्ट चावी आत असेल तर गाडी बीप करून लॉक व्हायला नकार देते हे खरं, पण त्यावर विसंबू नका. चावी स्टीलच्या डब्याआड गेली किंवा सेल उतरला, तर गाडीच्या अँटेनाला ती सापडत नाही आणि गाडी खुशाल बंद होते. जुन्या मारुतींत तर चावी लागतच नाही. दारातली लॉकची खुंटी दाबून, बाहेरचं हँडल उचलून धरून दार लोटलं की कुलूप लागतं, आणि हाताला तीच सवय लागलेली असते.

मग करायचं काय? आधी पाचही दारं एकेक करून ओढून बघा, डिकीसुद्धा. मागचं दार अर्धवट लागलेलं असतं आणि घाईत कुणी बघत नाही. मग चावी नेमकी कुठं पडली आहे याचा काचेतून फोटो काढा, तो कारागिराला पाठवायला उपयोगी पडतो. गाडी फोनला जोडणारी सेवा, म्हणजे ह्युंदाईचं ब्लूलिंक किंवा कियाचं किया कनेक्ट, घेतलेली असेल तर फोनवरूनच दार उघडता येतं. मात्र वर्गणी चालू हवी, गाडीला नेटवर्क हवं आणि फोन आपल्या हातात हवा. नसेल तर गाडी कंपनीच्या किंवा विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा. त्याचा नंबर पॉलिसीच्या कागदावर असतो आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, म्हणजे आतच. म्हणून पॉलिसी आणि आरसी यांचा फोटो सोबतच्या दोघातिघांच्या व्हॉट्सअॅपवर असू द्या. कुणीही नेकीचा कारागीर गाडी तुमची असल्याचा पुरावा मागतोच आणि त्याने मागायलाच हवा.

लहान गावात चावीवाल्याचा पत्ता पंक्चरवाल्याला किंवा हार्डवेअरच्या दुकानाला ठाऊक असतो. आपल्याकडे या कामात शिकलगार, म्हणजे पिढीजात हत्यारांना धार लावणाऱ्या, कारागिरांचा हात फार चांगला. फोनवर तो पहिल्यांदा विचारतो, "गाडी कंची? चावीची का बटनाची? काचा पूर्ण वर हायत का?" यांची उत्तरं तयार ठेवा, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येईल. येण्याजाण्यासकट पैसे फोनवरच ठरवा आणि एक गोष्ट आधी सांगा: "दादा, पट्टी घालू नका, हवेच्या पिशवीनं करा."

या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. काचेच्या रबरातून खाली सरकवायची लोखंडी पट्टी जुन्या गाड्यांना चालायची, तेव्हा दारात एक सळई आणि एक खटका इतकंच असे. आता दारात काचेच्या मोटरच्या, आरशाच्या आणि स्पीकरच्या वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो. पट्टी आंधळी फिरते. दार उघडतं, पण महिन्याने काच खाली जाईनाशी होते. बरोबर पद्धत अशी: दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात आधी प्लास्टिकची पाचर, रंगावर फडकं ठेवून. त्या फटीत रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखी चपटी पिशवी. ती हातपंपाने फुगवत फट जेमतेम बोटभर करायची. मग टोकाला रबर लावलेली लांब सळई आत घालून लॉकचं बटण दाबायचं किंवा आतलं हँडल ओढायचं. घाईने जास्त हवा भरली की दाराची चौकट वाकते. मग ऐंशीच्या वेगाला शिट्टी वाजते आणि पावसात सीट भिजते. म्हणून काम झाल्यावर फटीत कागद धरून दार लावा आणि ओढून बघा. कागद सैल निघाला तर तिथंच सांगा. दार उघडताना अलार्म वाजेल, घाबरू नका. चावी घेऊन अनलॉक दाबलं की थांबतो.

टेनिसच्या चेंडूला भोक पाडून कुलपावर दाबायचा किंवा घरून फोनवर रिमोट ऐकवायचा, असे व्हिडिओ फिरत असतात. त्यात वेळ घालवू नका. कुलूप विजेच्या मोटरवर चालतं, चेंडूतल्या हवेचा त्याच्याशी संबंध नाही. रिमोट रेडिओ लहरी सोडतो, त्या फोनच्या आवाजातून जात नाहीत.

संभाजीनगर ते बीड हा राष्ट्रीय महामार्ग ५२ चा सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटरचा टप्पा. शहागडला गोदावरी ओलांडायची, मग गेवराई. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन लावा. दार उघडून देणं हे त्यांचं काम नव्हे, पण गस्तीची गाडी येते, क्रेन मिळते, आणि रात्री एकटं थांबण्यापेक्षा ते कधीही बरं. बीडच्या पुढे मांजरसुंब्याला सगळे चहाला थांबतात, आणि इथली चूक सगळ्यांत महागात पडू शकते. लेकरू मागे झोपलंय म्हणून एसी चालू ठेवून ड्रायव्हर उतरतो. लेकरू उठून बटण दाबतं, किंवा इंजिन बंद पडतं. बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढतं आणि त्यातला बराचसा चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार झालेली असते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. इथं चावीवाल्याची वाट बघायची नाही. एकाने ११२ लावायचा. लेकरू समजण्याएवढं असेल तर दुसऱ्याने काचेतून खुणेने आतलं हँडल ओढायला सांगायचं. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही, किंवा लेकरू मलूल दिसलं, तर काच फोडायची.

पुढची मोठी काच फोडू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही. लेकरापासून सर्वांत लांबच्या दाराची काच निवडा. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टेम्पर्ड की लॅमिनेटेड (म्हणजे पुढच्या काचेसारखी थरांची) ते लिहिलेलं असतं. टेम्पर्ड असली तर तिचे ज्वारीएवढे दाणे होतात. मार मधोमध नको, काच तिथं लवते. खालच्या कोपऱ्याजवळ, टोकदार दगडाने किंवा जॅकच्या पान्याने मारा. हाताला टॉवेल गुंडाळा, तोंड बाजूला. मागच्या तिकोनी काचेच्या नादी लागू नका. लहान म्हणून ती स्वस्त वाटते, पण बऱ्याच गाड्यांत दाराच्या काचेपेक्षा महाग पडते.

जीव आत अडकलेला नसेल तर मात्र काच फोडण्यात शहाणपण नाही. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ती भरून मिळत नाही. पूर्ण विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, तरी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी २० ते ५० टक्क्यांपर्यंतची सूट, जातो. एका काचेसाठी तो घालवण्यापेक्षा खर्च स्वतः केलेला परवडतो.

येरमाळा, धाराशिव करत तुळजापूर. दर्शनाला जाताना लोक मोबाइल, पाकीट, चपला सगळं गाडीत ठेवतात. इथं चावी आत राहिली तर हातात फोनही नसतो आणि कुणाचा नंबरही पाठ नसतो. दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत. चावीला जागा म्हणजे करदोडा किंवा पदराची गाठ. आपल्या आज्या कोठाराची किल्ली पदराला बांधत, गाठ मारून कमरेला खोचत. दिवसभर वाकून काम केलं तरी ती पडत नसे. सदऱ्याच्या वरच्या खिशातली चावी दंडवत घालताना पडतेच.

नळदुर्ग तिथून पस्तीसेक किलोमीटर. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीतला पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात बंधारा भरला की नर-मादी धबधबे वरून कोसळतात. चिंब भिजून आल्यावर कपडे बदलायला डिकी उघडायची आणि ओल्या पँटसोबत चावीही पिशवीत टाकायची, असं इथं हमखास होतं. चावी भिजली असेल तर बटणं दाबत बसू नका. पाठ उघडून सेल काढा, आतली सर्किटची पट्टी फडक्याने टिपा, उन्हाच्या कडेला तासभर ठेवा आणि मगच सेल घाला. ती पाण्यातच गेली तर प्रकरण वेगळं. कापलेल्या साध्या पातीने सामान काढता येईल, गाडी निघणार नाही. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, विम्यात चावी बदलून मिळण्याची पुरवणी घेतली असेल तर तिथं ती लागते. नवी चावी कंपनीकडून चेसिस नंबरवर मागवावी लागते आणि त्यात काही दिवस जातात. घरची दुसरी चावी कुणाबरोबर तरी एसटीने मागवणं त्याहून लवकर होतं. तेही जमत नसेल तर गाडी सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला न्या, पण सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून. स्टीअरिंग लॉक असलेली गाडी दोरीने ओढता येत नाही.