केस रिपोर्ट लिहायचाय? पेशंटला काय आठवतंय ते आधी विचारा

"मॅडम, भारी केस आलीय, पब्लिश होईल का?" असा मेसेज ज्युनिअर मुलांकडून महिन्यातून एकदा तरी येतोच, सोबत एक्सरेचा फोटो, कधी पुरळ उठलेल्या हाताचा. त्यांना केस रिपोर्ट लिहायचा असतो, म्हणजे एकाच पेशंटच्या आजाराची हकिगत मेडिकल जर्नलमध्ये छापायची असते. मी उलट एवढंच विचारते, पेशंट अजून वॉर्डात आहे का? असेल तर आजच संध्याकाळी त्याच्याशी बोला आणि संमतीपत्रावर सही घ्या. बाकीचं पुढचे दोन महिने निवांत करता येतं, हे एक काम मात्र नंतर होत नाही.

मी रेसिडेंट असताना काखेत काळी खपली असलेली स्क्रब टायफसची (बारीक किडा चावून येणारा ताप, चावल्या जागी अशी खपली धरते) एक बाई आली होती, ऊसतोडीच्या टोळीतली. ताप, श्वास लागलेला, लिव्हर बिघडलेलं आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली ती खपली आमच्या सिस्टरांना अंग पुसताना दिसली. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. मी फोटो काढले, रात्री जागून सगळं लिहून काढलं, जर्नलला पाठवलं, तर त्यांचं पहिलंच उत्तर, पेशंटची सही असलेली संमती पाठवा. केस पेपरवरचा नंबर मुकादमाचा, तो बंद. पत्ता म्हणून नुसतं तालुक्याचं नाव. टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेलेली. तो लेख तिथेच संपला, आणि जर्नलचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाईच्या अंगाचा फोटो होता तो, विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. (मुलाच्या घरच्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

शाळेत जाणारा मुलगा, घरात जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. दोन उलट्या झाल्या. गावातल्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. आठच्या सुमारास पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, आमच्याकडे पोचला तेव्हा एका श्वासात पाचपर्यंतही आकडे म्हणता येत नव्हते. ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. अंगावर चावल्याची खूण शोधून सापडली नाही, पण पावसाळा, जमिनीवर झोपणं, पहाटेची पोटदुखी आणि मग पापण्या, एवढ्यावर मण्यार म्हणायला हरकत नसते. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरचं औषध) १० व्हायल दिल्या, स्नायूंची ताकद परत यावी म्हणून निओस्टिग्मिन देऊन बघितलं, त्याचा उपयोग झाला नाही (मण्यारीत बहुतेकदा होत नाही, कारण विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं आणि तिथून निरोप सुटणंच बंद होतं). दुसऱ्या दिवशी बाहुल्या मोठ्या, टॉर्चला प्रतिसाद शून्य, डोळे हलत नाहीत, कशालाच हालचाल नाही. सीटी नॉर्मल. आणि मी त्याच्या कॉटशेजारी उभी राहून माझ्या सहकाऱ्याला म्हणाले, "मेंदू गेलाय बहुतेक, घरच्यांना कल्पना देऊन ठेवू."

चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, सिस्टरांनी बघितला. आठव्या दिवशी ट्यूब काढली.

या केसचा माझा पहिला ड्राफ्ट अगदी पुस्तकी होता. इंट्रोडक्शनमध्ये भारतातल्या सर्पदंशाची अख्खी माहिती, डिस्कशनमध्ये विषाच्या रेणूंची वर्णनं, शीर्षकात 'दुर्मिळ'. दोन जर्नल्सनी परत पाठवला, कारण एकच, असं आधी छापून आलंय. आणि ते खरंच होतं, मण्यारीच्या दंशानंतर ब्रेन डेथसारखं चित्र दिसल्याच्या केसेस पबमेडवर (वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट) नीट शोधल्या असत्या तर लिहिण्याआधीच सापडल्या असत्या. म्हणून आता सगळ्यांना सांगते, आधी शोधा आणि मग लिहा. आजाराचं नाव टाकून थांबू नका, लक्षणं टाका, औषध टाका, स्पेलिंग बदलून टाका, सापडलेल्या लेखांच्या शेवटचे संदर्भ चाळा. 'जगातली पहिली केस' असलं काही लिहायचा मोह तर सोडाच, रिव्ह्यूअर (जर्नलसाठी लेख तपासणारा डॉक्टर) दहा मिनिटांत दुसरी शोधून देतो.

मग उरलं काय? तेव्हा मी केअरची, म्हणजे केस रिपोर्टमध्ये काय काय हवं याची चेकलिस्ट पहिल्यांदा नीट वाचली. २०१३ मध्ये आलेली ही गाइडलाइन, १३ मुद्दे, बहुतेक चांगली जर्नल्स तीच मागतात (सर्जरीवाल्यांसाठी स्केअर नावाची वेगळी आहे). शीर्षकात 'केस रिपोर्ट' हे शब्द हवेत, घटनाक्रम तासातारखेने हवा, निदान करताना अडचण काय आली, उपचार का बदलले, पुढे फॉलोअपला काय झालं, हे सगळं त्यात आहे. आणि शेवटून दुसरा मुद्दा, पेशंटचं स्वतःचं म्हणणं. हा मुद्दा आम्ही सगळे 'लागू नाही' लिहून पुढे जायचो.

मी मुलाला फॉलोअपला बोलावलं आणि विचारलं, तुला काय काय आठवतंय. तो म्हणाला, "मला सगळं ऐकू येत होतं." आई रडत होती ते, सिस्टर रात्री मोबाईलवर भजन लावायच्या ते, आणि मी काय बोलले तेही, शब्दन् शब्द. डोळे उघडता येत नव्हते, ओरडता येत नव्हतं, आणि आपल्याला मेलेला समजून घरी नेतील अशी भीती वाटत होती.

मला त्या दिवशी पुढची ओपीडी धड करता आली नाही. विष मेंदूत जात नाही हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, डिस्कशनमध्येही लिहिलं होतं, आणि तरी मी त्याच्या कॉटशेजारी ते वाक्य बोलले होते.

ड्राफ्ट पूर्ण बदलला. दुर्मिळपणा काढून टाकला, इंट्रोडक्शन चार ओळींचं केलं, आणि सगळा लेख एकाच गोष्टीभोवती लिहिला, की मण्यारीचा संशय असेल तर बाहुल्या बघून मेंदूबद्दल निर्णय घेऊ नका आणि पेशंट ऐकतोय असं धरून वागा, त्याच्याशी बोला, गुंगीचं औषध द्या. केस रिपोर्टला सांगण्यासारखी गोष्ट एकच पुरते. ती एका वाक्यात आईला फोनवर सांगता येत नसेल तर अजून लिहायची वेळ आलेली नाही, हा माझा स्वतःचा नियम. माझं बोललेलं वाक्य मुलाच्या शब्दांत तसंच्या तसं पेशंटच्या म्हणण्याच्या भागात टाकलं. एका वरिष्ठांनी ते काढ म्हणून सांगितलं, हॉस्पिटलची बदनामी होईल म्हणाले, पण तेच काढलं तर लेखात राहतं काय? तिसऱ्या जर्नलने घेतला.

लिहायला बसताना मी सगळ्यात आधी घटनाक्रम लिहिते, कागदावर, घड्याळासकट. किती वाजता उठला, किती वाजता उलटी, किती वाजता पापण्या. केस पेपर, नर्सिंग नोट्स आणि नातेवाईक यांच्या वेळा कधीच जुळत नाहीत, त्या जुळवताना अर्धी केस आपल्यालाच नव्याने कळते. छापताना तारखा काढून 'पहिला दिवस, तिसरा तास' असं करायचं. आधीच्या डॉक्टरांवर शेरे मारायचे नाहीत, चार वाजता पोटदुखी आणि सव्वानऊला ट्यूब हे वाचणाऱ्याला दिसतंच. नॉर्मल आलेल्या पंचवीस रिपोर्ट्सची यादी नको. शीर्षक आणि सारांश सगळ्यात शेवटी.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण मी नेहमी देते. बिरवाडीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचू चावलेल्या पेशंटजवळ बसून त्यांनी घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, बीपी, नाडी टिपून ठेवली आणि १९८२ मध्ये ते लॅन्सेट या नामांकित जर्नलमध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिन या बीपीच्या औषधाने कोकणातले किती जीव वाचले. बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगटसुद्धा डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लॅन्सेटमध्येच मांडला, मोजक्या माणसांच्या न जुळणाऱ्या रक्तावरून. त्यामुळे 'आपण तालुक्याला बसून काय लिहिणार' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सर्पदंश, विंचू, कीटकनाशकं, लेप्टो हे सगळं आपल्याच दारात येतं, ते आपण नाही लिहायचं तर कुणी?

संमतीबद्दल अजून थोडं. ॲडमिशनच्या वेळी पन्नास कागदांत घेतलेली सही चालत नाही, छापण्यासाठीची संमती वेगळी, शक्यतो मराठीत, आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल हे स्पष्ट सांगून. लहान मुलगा असेल तर आईवडिलांची सही आणि त्याचाही होकार. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपते हा गैरसमज आहे, गावातला माणूस हनुवटीवरूनही ओळखतो. गावाचं नाव, जात, नेमका व्यवसाय, आजाराला गरज नसेल तर काढा. आपल्या संस्थेच्या एथिक्स कमिटीला एका केससाठीही पत्र लागतं का तेही आधीच विचारून घ्या.

नावांचं राजकारण मला फार खुपतं. ज्यांनी पेशंट बघितला नाही, ड्राफ्ट वाचला नाही त्यांचं नाव पहिलं, आणि खपली शोधणाऱ्या, अंगठा हलताना बघणाऱ्या सिस्टर कुठेच नाहीत. निदान आभारात तरी नाव घाला, त्यांना विचारून. आणि 'आदरणीय डॉक्टर, तुमचा लेख तीन दिवसांत छापू' असले मेल सरळ डिलीट करा, जर्नल पबमेडवर किंवा डीओएजेमध्ये (मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सची यादी) दिसतंय का बघा, फी किती ते पाठवायच्या आधी बघा, कारण काही चांगली जर्नल्ससुद्धा फी घेतात आणि ती आपल्या पगाराच्या मानाने बरीच असते.

लेख छापून आल्यावर मी प्रिंट काढून मुलाच्या घरच्यांना वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. आई मध्येच उठून आत गेली. मुलगा शेवटपर्यंत ऐकत होता, मग कागद हातात घेऊन सगळी पानं उलटून बघितली आणि म्हणाला, "माझं नाव कुठंय?" मी त्याला समजावलं, का घालत नाहीत ते. त्याला ते फारसं पटलं नाही. त्याने पेन मागितलं आणि पहिल्या पानावर, आमच्या सगळ्यांच्या नावांच्या वर, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.